भूनकाशाचे सारणीकरण (बेळगाव सीमाभाग)

भूनकाशाचे सारणीकरण : भौगोलिक माहिती प्रणालीतील (जीआयएस) बिंदू, रेषा व बहुभुज साध्या तक्त्यात, बहुधा सीएसव्ही (स्वल्पविरामाने तोडलेल्या मूल्यांच्या) फाईलमध्ये, उतरवण्याची क्रिया. व्यवहारात ‘नकाशा एक्सेलमध्ये काढणे’ असेच म्हणतात.

स्वल्पविरामाने मूल्ये तोडण्याच्या रीतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही लेखक ती १९७२ च्या सुमाराच्या आयबीएम फोर्ट्रान या संगणकभाषेपर्यंत मागे नेतात. मात्र फोर्ट्रानच्या मुक्त वाचनात रिकामी जागाही विभाजक म्हणून चाले. त्यामुळे आजच्या अर्थाची सीएसव्ही १९८० नंतरच्या स्प्रेडशीटांशी जोडणे अधिक सयुक्तिक दिसते. तिचे लेखी वर्णन (आरएफसी ४१८० हा इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवज) २००५ चे, म्हणजे वापर रुळल्यावर बऱ्याच काळाने आलेले, आणि तेही बंधनकारक मानक नव्हे.

मूळ नकाशा बहुधा शेपफाईल, जिओजेसन किंवा केएमएल स्वरूपात असतो. केएमएल हे कीहोल कंपनीचे स्वरूप. २००४ मध्ये ती कंपनी गूगलकडे गेली आणि २००८ मध्ये स्वरूपाला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्यात रेखांश आधी व अक्षांश नंतर येतो. बोलण्यात क्रम उलटा. स्तंभांची अदलाबदल झाली, तर बेळगाव (सुमारे १५.८५° उ., ७४.५०° पू.) थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते. बिंदूला दोन स्तंभ पुरतात. बहुभुजाचे सर्व शिरोबिंदू मजकूररूपाने एकाच चौकटीत ठेवता येतात, पण एक्सेलची चौकट ३२,७६७ अक्षरांपुढचे धरत नाही. वळणावळणाची गावशीव त्यात मावेलच असे नाही. क्यूजीआयएस या जीआयएस संगणकप्रणालीत निर्यात करताना भूमितीचा पर्याय निवडला नाही, तर निर्देशांक तक्त्यात येतच नाहीत. एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर) आधारलेले जुने नकाशे डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या जागतिक निर्देशांक पद्धतीत न बदलता घेतल्यास या भागात शंभर-दीडशे मीटरची तफावत पडते.

सीमाभागात खरी अडचण क्षेत्रफळाच्या स्तंभात येते. कर्नाटकाच्या उताऱ्यावर (आरटीसी किंवा पहाणी) क्षेत्र एकर-गुंठे-आण्यांत (आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग), तर महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये असते. ४० गुंठ्यांचा एकर असल्याने २ एकर २० गुंठे म्हणजे अडीच एकर. तक्त्यात ते ‘२.२०’ असे चढते आणि संगणक त्याला सव्वादोनपेक्षाही कमी समजतो. निपाणीकडील शिवार कागलकडच्या शिवाराला जोडताना ही चूक हमखास होते. एकर, गुंठे व आणे यांना वेगळे स्तंभ देणे इष्ट.

गावांच्या नावांवरून जुळणी करणे धोक्याचे असते. बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले; रोमन लिपीत चिकोडीचेही दोन वर्णविन्यास चालतात. १९५६ पूर्वीच्या नकाशांत चंदगड बेळगाव जिल्ह्यात आढळतो. त्या वर्षी तो तालुका वगळून जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालातील गावयाद्या नकाशाशी ताडतानाही हेच भान लागते. कोणते नाव घ्यावे हा प्रश्न तांत्रिक नाही; जुळणीपुरते जनगणनेचे संकेतांक (महाराष्ट्र २७, कर्नाटक २९) वापरणे बरे. तालुक्याच्या पाचअंकी संकेतांकातील आरंभीचे शून्य एक्सेल गाळते, म्हणून तो स्तंभ ‘मजकूर’ ठेवावा. देवनागरी वा कन्नड नावे विस्कटू नयेत यासाठी फाईल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात, आरंभखुणेसह (बीओएम) जतन करतात.