कांडी कोणत्या वळूची?

गाय पहाटे हंबरायला लागली, सोट टाकू लागली, की सकाळीच डॉक्टरांना फोन जातो. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरायची, हा हिशेब आता गोठ्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. डॉक्टर मोटारसायकलवरून येतात, मागे द्रव नत्राचा कंटेनर बांधलेला असतो. झाकण उघडलं की पांढरी वाफ उसळते. आत उणे १९६ अंशांना गोठवलेल्या रेतकांड्या, म्हणजे वळूचं वीर्य भरलेल्या बारीक नळ्या असतात. डॉक्टर विचारतात, “कोणती टाकू?” नगर-पुणे पट्ट्यात बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: “एचएफचीच टाका.” मग एक कांडी चिमट्याने उचलून ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतात, पुसून रेतनाच्या गनमध्ये भरतात, आणि पाच मिनिटांत काम संपतं.

त्या एका उत्तरावर पुढची आठ-दहा वर्षं त्या गोठ्याचं गणित चालतं. म्हणून ते उत्तर देण्याआधी काय काय माहीत असायला हवं, हे नीट मांडावंसं वाटतं.

एचएफ, म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन, ही उत्तर युरोपातल्या नेदरलँड्स आणि जर्मनीच्या किनारपट्टीवरची गाय. तिला साधारण ५ ते २५ अंशांची हवा मानवते. आपल्याकडे फाल्गुनातच पारा त्याच्या वर जातो. त्यात दुभती गाय म्हणजे आतून पेटलेली चूल. पोटात चारा आंबताना उष्णता तयार होते, दूध तयार होतानाही होते. जितकं दूध जास्त, तितकी आतली आच जास्त. ही आच बाहेर टाकता आली नाही, की गाय आपणहून चारा कमी करते आणि दूध उतरतं.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता गोठ्यात उभं राहून गायीची कूस बघा. कूस एकदा वर-खाली झाली की एक श्वास. मिनिटाला साठाच्या वर गेले, तर गायीला ऊन बाधतंय. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळतेय, अशी अवस्था आली म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं. शेजारी बांधलेली गीर, आपली देशी गाय, त्याच वेळी शांतपणे रवंथ करत असते. तिची कातडी सैल आणि केस आखूड, घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि दाट. मुळात दूध कमी, त्यामुळे आतली आचही कमी. वशिंडाची गाय आणि बिनवशिंडाची गाय माणसाने दोन वेगवेगळ्या प्रदेशांत माणसाळवली. आपली सिंधूच्या खोऱ्याकडे, त्यांची पश्चिम आशियात. हजारो वर्षं दोघी वेगवेगळ्या उन्हात घडल्या.

या दोघींचा संकर करायचा विचार त्यामुळे अगदी रास्त होता. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली ‘बाएफ’ या संस्थेची स्थापना केली, आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलं. गावठी गायीच्या पोटी जन्मलेल्या पहिल्या संकरित कालवडी व्यायल्या, तेव्हा घरोघरी फरक दिसला. कालवड लवकर वयात आली, दूध कितीतरी पटींनी वाढलं, आणि ऊनही तिने बऱ्यापैकी सोसलं. लोकांना वाटलं, एका कांडीत एवढं, तर दुसऱ्या कांडीत याच्या दुप्पट.

इथेच मेख आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. पहिल्या संकरात सगळ्या जोड्यांत एक प्रत देशी आणि एक एचएफची असते. एकीची उणीव दुसरी झाकते, म्हणून ती कालवड आई-बापांच्या सरासरीपेक्षा सरस निघते. याला संकरजोम म्हणतात. आता तिला पुन्हा एचएफची कांडी दिली, तर वासरू ७५ टक्के एचएफ होतं, पण मिश्र जोड्या सरासरी निम्म्याच उरतात. आणखी एकदा दिली, की रक्त ८७.५ टक्के आणि मिश्र जोड्या पावच. म्हणजे दुधाचं रक्त वाढत जातं, पण जोम आणि उन्हाची ताकद पिढीगणिक गळत जाते. शेतकऱ्याला दिसतं ते इतकंच, की आजी काटक होती आणि नात सारखी आजारी पडते.

नातीचे आजार बघा. गोचीड ताप देशी गाय बऱ्याचदा अंगावर काढते, एचएफचं रक्त जास्त असलेली गाय त्यात मरूही शकते. उन्हाळ्यात गाय उलटत राहते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, कारण पहिल्या काही दिवसांचा गर्भ आईच्या अंगातली उष्णता सोसत नाही. एक माज हुकला की २१ दिवसांचा चारा अंगावर पडतो. शिवाय संकलन केंद्रावर गायीच्या दुधाचा भाव ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो. एचएफचं रक्त वाढलं की दूध पातळ होत जातं, उन्हाळ्यात फॅट आणखी उतरतं आणि लिटरमागे पैसे कापले जातात.

ज्यांच्याकडे पंखे, फॉगर, बारमाही पाणी, मुरघास आणि वेळेवर येणारे डॉक्टर आहेत, त्यांनी ८५ टक्क्यांची गाय जरूर सांभाळावी. पण पत्र्याच्या बुटक्या गोठ्यात, वाळल्या कडब्यावर ती गाय बांधणं म्हणजे तिचे हाल आणि आपला तोटा. माझ्या मते आधी गोठा बघावा, मग कांडी.

ब्राझीलने हा प्रश्न आपल्याच गायीने सोडवला. काठेवाडातून नेलेली गीर त्यांनी एचएफशी संकरित केली आणि पाच अष्टमांश एचएफ, तीन अष्टमांश गीर, म्हणजे ६२.५ टक्क्यांवर रक्त थांबवलं. ही ‘जिरोलांडो’. १९९६ साली तिला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. त्यांनी शुद्ध गीरही दुधासाठी निवडत नेली. वळू स्वतः दूध देत नाही, म्हणून त्याची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून करायची, हे काम तिथे गीरसाठी १९८५ पासून शिस्तीने चालू आहे. आपल्याकडे गीरची पूजा भरपूर झाली, पण मुलींच्या दुधाच्या नोंदी त्या मानाने फारच थोड्या झाल्या.

अगदीच नाही असं नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ तयार केली. तिच्यात निम्मं एचएफ, पाव जर्सी आणि पाव गीर आहे. जर्सीमुळे फॅट टिकतं, गीरमुळे काटकपणा येतो.

मुलींच्या दुधाची वाट बघायची म्हणजे वळूची परीक्षा सहा-सात वर्षं चालते. वळू वयात यावा, त्याच्या कालवडी जन्माव्यात, वाढाव्यात, व्याव्यात, एक वेत पूर्ण व्हावं. हा काळ आता जनुकीय चिपने, म्हणजे जनावराची जनुकं तपासणाऱ्या चाचणीने, कमी होईल. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममध्ये देशी गायींसाठी ‘गौ चिप’चं लोकार्पण झालं. वासराच्या रक्तावरून किंवा केसांच्या मुळांवरून त्याच्या दुधाची कुवत आधीच अजमावता येते. पण चिपला शिकवायला हजारो गायींच्या खऱ्या दुधाच्या नोंदी लागतात, आणि त्या नोंदी आपल्याच गोठ्यांतून जायच्या आहेत.

कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल गायींत एक बदललेलं जनुक सापडलंय. त्यामुळे केस अगदी आखूड आणि गुळगुळीत येतात. ते एचएफमध्ये आणल्यावर उन्हातही गायीच्या अंगाचं तापमान कमी राहतं. पुढे-मागे अशा वळूंच्या कांड्या आपल्याकडेही मिळतील.

तोवर हिशेब हातातच आहे. गाय ७५ टक्क्यांची असेल, तर ५० टक्क्यांच्या पारखलेल्या संकरित वळूची कांडी मागा. वासरू सरासरी ६२.५ टक्क्यांचं होईल. पण आपली गाय किती टक्क्यांची हेच कित्येकांना सांगता येत नाही, कारण तिचा बाप कोण ते कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर १२ आकडी क्रमांक असतो आणि रिकाम्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. डॉक्टर कांडी टाकून देण्याआधी ती मागून घ्या आणि दोन्ही आकडे गोठ्यातल्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहा.