टाइप सारखाच दिसतो, तरी कंपायलर का अडवतो?

‘कोड बरोबर आहे, कंपायलरच उगीच अडतो’ ही तक्रार स्काला या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्यांकडून वरचेवर ऐकू येते. कंपायलर म्हणजे कोड तपासून तो चालवण्याजोग्या रूपात आणणारा प्रोग्राम, आणि टाइप म्हणजे एखादी गोष्ट कोणत्या प्रकारची आहे याची खूण. बहुतेक वेळा कंपायलरचा हट्ट रास्त असतो. त्याच्यापर्यंत एक माहिती पोहोचलेलीच नसते.

स्वित्झर्लंडमधील लोझानच्या ईपीएफएल या संस्थेत मार्टिन ओडरस्की यांनी घडवलेल्या या भाषेत एका क्लासच्या (ऑब्जेक्ट घडवण्याच्या साच्याच्या) आत दुसरा क्लास लिहिला, तर आतल्या क्लासचा टाइप बाहेरच्या ऑब्जेक्टशी बांधला जातो. ‘आलेख’ (एकमेकांना जोडलेल्या बिंदूंची जाळी) या क्लासच्या आत ‘बिंदू’ असेल, तर अ आणि ब या दोन आलेखांचे ‘अ.बिंदू’ आणि ‘ब.बिंदू’ हे वेगवेगळे टाइप ठरतात. दोन सोसायट्यांत ३०२ क्रमांकाचा फ्लॅट असला, तरी एकाच्या किल्लीने दुसऱ्याचे दार उघडत नाही, तसेच हे. ‘जो आलेख द्याल, त्याचाच बिंदू परत मिळेल’ असे वचन देणाऱ्या मेथडच्या (क्लासमध्ये लिहिलेल्या कृतीच्या) टाइपला अवलंबी मेथड टाइप म्हणता येईल. जानेवारी २०१३ मधील २.१० आवृत्तीपूर्वी ही सोय प्रायोगिक होती आणि खास पर्याय चालू केल्याशिवाय कंपायलर ती नाकारत असे.

खरी गंमत जेनेरिक क्लासमध्ये, म्हणजे टाइपची जागा नंतर भरण्यासाठी मोकळी ठेवलेल्या क्लासमध्ये, आहे. ‘ग’ हा टाइप पॅरामीटर (ती मोकळी जागा) असलेला आणि ‘ग’ टाइपचा आलेख स्वतःजवळ ठेवणारा ‘प्रवासी’ नावाचा क्लास आपण लिहिला आणि त्याला अ दिला, तर कंपायलर ‘ग’ म्हणजे ‘आलेख’ एवढाच अंदाज बांधतो. तो नेमका अ होता, ही ओळख तिथेच गळून पडते. मग प्रवाशाजवळच्या आलेखाचा बिंदू आणि ‘अ.बिंदू’ एकच आहेत, हे त्याला सिद्ध करता येत नाही आणि टाइप जुळत नसल्याची एरर येते. ही ओळख तो मुद्दामच सोडतो, कारण ती नेहमी धरून ठेवली, तर अ पासून सुरू केलेल्या बदलत्या यादीत पुढे ब घालताच आला नसता. म्हणून आपणच ‘अ.टाइप’ (फक्त अ चाच टाइप) असे स्पष्ट लिहावे, किंवा ‘ग’ वर सिंगलटनची, म्हणजे एकाच ऑब्जेक्टच्या टाइपची, मर्यादा घालावी. मात्र अ हा व्हॅल, म्हणजे एकदा दिलेला ऑब्जेक्ट न बदलणारे नाव, हवा. व्हारमधला ऑब्जेक्ट मध्येच बदलू शकतो, त्यामुळे त्याच्यावर टाइप टांगता येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक अशा एररवर टाइप सक्तीने बदलण्याचा उपाय सुचवतात, आणि लाल रेघ गेली की तो चमत्कार वाटतो. पण जेव्हीएमवर, म्हणजे जावाच्या आभासी यंत्रावर, प्रोग्राम चालताना दोन्ही बिंदू एकाच क्लासचे असतात. त्यामुळे ती सक्ती तिथे विनातक्रार खपते आणि ब चा बिंदू अ मध्ये गुपचूप जोडला जातो.