तुटीतही वाढणारा स्नायू

व्यायामशाळांमध्ये एक नियम वर्षानुवर्षं चालत आला आहे: आधी भरपूर खाऊन अंग भरायचं, मग खाणं आवळून चरबी उतरवायची. दोन्ही एकदम मागणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही, असं नवख्याला पहिल्याच आठवड्यात बजावलं जातं. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. स्नायू घडवायचा तर शरीराला खर्चापेक्षा जास्त ऊर्जा हवी, चरबी घटवायची तर खर्चापेक्षा कमी. एकच माणूस एकाच काळात शिलकीत आणि तुटीत कसा असेल?

नसतोच. पण शिल्लक किंवा तूट हा अख्ख्या शरीराचा हिशोब झाला. मांडीतल्या स्नायुतंतूला आणि पोटावरच्या मेदपेशीला तो एकत्रित आकडा कुणी कळवत नाही. प्रत्येक ऊतीला आपापले इशारे मिळतात आणि ती त्यांनुसार वागते. मेदपेशीतून चरबी बाहेर पडत असताना दुसरीकडे स्नायूत नवी प्रथिनं रचली जाणं, यात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा कुठलाही नियम मोडत नाही.

आकडे पाहिले तर अडचण आणखी लहान वाटू लागते. 1 किलो चरबीच्या ऊतीत सुमारे 7,700 किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे अंगावर 20 किलो चरबी असलेला माणूस दीड लाख किलोकॅलरींचा साठा घेऊन फिरतो. स्नायूचं तसं नाही. त्याच्या एका किलोत जवळपास पाऊण किलो पाणीच असतं आणि प्रथिनं असतात साधारण 200 ग्रॅम. त्यामुळे एखाद्याने 1 किलो चरबी गमावून 1 किलो स्नायू कमावला, तर वजनकाटा जागचा हलणार नाही, पण शरीराचा हिशोब मात्र हजारो किलोकॅलरींच्या तुटीचा असेल. ‘वजन तेवढंच, म्हणजे ऊर्जा जमाखर्च सारखा’ हे समीकरण इथेच कोसळतं.

उपाशी शरीर स्नायू बांधत बसेल, हे मात्र पटायला जड जातं. हार्वर्डमध्ये आल्फ्रेड गोल्डबर्ग यांनी 1960 आणि 70च्या दशकांत उंदरांवर केलेलं काम या जागी फार मोलाचं आहे, आणि व्यायामाच्या चर्चांमध्ये त्याचा उल्लेख जवळजवळ होतच नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. त्यांनी उंदराच्या एका पायातल्या पोटरीच्या मोठ्या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, कापला. चालताना येणारा सगळा भार मग शेजारच्या लहान स्नायूंवर पडला आणि ते थोड्याच दिवसांत फुगले. इथवर नवल नाही. पण ज्या उंदरांची पीयूषिका ग्रंथी काढून टाकली होती, म्हणजे ज्यांच्यात वृद्धिसंप्रेरक तयारच होत नव्हतं, त्यांच्यातही ही वाढ झाली. मधुमेही उंदरांत, इन्शुलिनच्या अभावातही झाली. आणि अन्न तोडलेल्या उंदरांतही झाली: बाकी शरीरातले स्नायू झिजत असताना, भार पेलणारा तेवढा स्नायू वाढत होता.

स्नायूला वाढायला लावणारा सर्वांत बलवान इशारा बाहेरून रक्तातून येत नाही, तो त्या स्नायूतच उमटतो: यांत्रिक ताण. तंतूवर जड भार पडला की पेशीच्या आत प्रथिननिर्मितीची यंत्रणा सुरू होते, आणि वजन उचलण्याच्या एका सत्रानंतर ती 24 ते 48 तास वाढलेल्या वेगाने चालू राहते. अन्नाची टंचाई तिला मंद करते, हे खरं. थांबवतेच असं नाही.

आता चरबी काय देऊ शकत नाही, ते. चरबीत नायट्रोजन नसतो. तिच्यातून लागेल तेवढी ऊर्जा काढा, एकही अमिनो आम्ल त्यातून उभं राहणार नाही. मजुरी घरातल्या पैशांतून भागली तरी विटा बाहेरूनच आणाव्या लागतात. स्नायूच्या बाबतीत त्या विटा म्हणजे आहारातली प्रथिनं. प्रौढ माणसाचं शरीर रोज अडीचशे ते तीनशे ग्रॅम प्रथिनं मोडतं आणि जवळपास तितकीच नव्याने रचतं. खाणं कमी झालं की या उलाढालीतली काही अमिनो आम्लं जळणासाठी वळवली जातात. वजन कमी करताना प्रथिनांची गरज घटण्याऐवजी वाढते, ती यामुळे.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ही गोष्ट जरा निर्दयपणेच तपासली गेली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या 40 तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा 40 टक्के कमी ऊर्जा देण्यात आली आणि आठवड्यातले सहा दिवस कसून व्यायाम करवून घेण्यात आला. निम्म्यांना शरीराच्या दर किलोमागे रोज 1.2 ग्रॅम प्रथिनं मिळाली, निम्म्यांना 2.4 ग्रॅम. पहिल्या गटाची चरबी सरासरी 3.5 किलो उतरली आणि चरबीविरहित वजन जवळपास होतं तिथेच राहिलं. दुसऱ्या गटाची चरबी 4.8 किलो उतरली, आणि चरबीविरहित वजन 1.2 किलोने वाढलं. इतक्या मोठ्या तुटीत!

या निकालावर लगेच हुरळून जाऊ नये. हे तरुण होते, अंगावर चरबी होती, अशा कसरतीची सवय नव्हती, आणि काळ अवघा चार आठवड्यांचा. सरासरीभोवतीचा फरकही मोठा होता. शिवाय ‘चरबीविरहित वजन’ म्हणजे निव्वळ स्नायू नव्हे. त्यात पाणी, हाडं, अवयव सगळं मोजलं जातं. प्रथिनांचाही असाच विपर्यास होतो. 49 अभ्यासांच्या 2018 मधल्या एकत्रित विश्लेषणात दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅमच्या पुढे जास्तीचा फायदा सरासरीत दिसला नाही. ते अभ्यास तुटीत असलेल्या लोकांचे नव्हते, म्हणून तुटीत थोडं वर जाणं समजण्यासारखं आहे. डब्यामागून डबे पावडर रिचवणं नाही.

चरबीविरहित वजन आणि स्नायू यांतला फरक किती फसवा असू शकतो, हे अमेरिकेतल्या 1993 च्या एका अभ्यासाने दाखवलं. लठ्ठ स्त्रियांना 90 दिवस रोज जेमतेम 800 किलोकॅलरींचा आहार दिला. काहींनी सोबत वजनं उचलली, काहींनी नाही. दोन्ही गटांचं वजन सुमारे 16 किलोंनी घटलं आणि चरबीविरहित वजनही दोन्हींत सारखंच, चार किलोंच्या आसपास, कमी झालं. म्हणजे व्यायाम वाया गेला? मांडीतून सुईने काढलेला स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर वेगळंच दिसलं: वजनं उचलणाऱ्या स्त्रियांचे तंतू जाड झाले होते. गोल्डबर्गच्या उंदरांसारखंच, झिजत्या शरीरात राबणारा भाग वाढत होता.

मग सगळ्यांनाच हे जमेल का? जमेल, पण सारखं नाही. ज्याने कधी वजन उचललेलं नाही, ज्याच्या अंगावर चरबी भरपूर आहे, किंवा जो जुना व्यायामपटू मोठ्या खंडानंतर परततोय, त्याच्यासाठी ही सहज घडणारी गोष्ट आहे. अशा माणसाने ‘आधी अंग भरून घे’ हा सल्ला ऐकून आणखी पाच किलो चरबी चढवणं मला तरी निव्वळ नुकसानीचं वाटतं.

सरावलेल्यांचं गणित तुटीच्या आकारावर ठरतं. नॉर्वेच्या अव्वल खेळाडूंवरच्या 2011 च्या अभ्यासात एका गटाने आठवड्याला वजनाच्या 0.7 टक्के घट केली, दुसऱ्याने त्याच्या दुप्पट. सावकाश चाललेल्यांचं चरबीविरहित वजन 2.1 टक्क्यांनी वाढलं, घाई केलेल्यांचं वाढलं नाही. बारकावा असा की ही वाढ मुख्यतः शरीराच्या वरच्या भागात होती. खेळात मुरलेल्यांच्याही शरीरात काही स्नायू अजून नवखे असतात, असा मी त्याचा अर्थ लावतो. अनेक प्रयोग एकत्र पाहिल्यावर असंही दिसतं की रोजची तूट 500 किलोकॅलरींच्या आसपास गेली की चरबीविरहित वजनातली वाढ सरासरीने थांबते. ताकद मात्र त्या तुटीतही वाढत राहते.

अगदी टोकाला काय होतं, तेही नोंदलं गेलं आहे. संप्रेरकं न घेणाऱ्या एका शरीरसौष्ठवपटूवर स्पर्धेच्या तयारीत सहा महिने संशोधकांनी नजर ठेवली. चरबी 14.8 टक्क्यांवरून 4.5 टक्क्यांवर आली. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मूळच्या एक चतुर्थांशावर घसरलं, विश्रांतीतले हृदयाचे ठोके मिनिटाला 53 वरून 27 वर आले. ताकदही गेली. साठा संपत आलेलं शरीर सगळीकडेच काटकसर करतं. तिथे दोन्ही हातांत लाडू मागण्यात अर्थ नाही.

झोपेकडे दुर्लक्ष होतं, म्हणून तिच्याविषयी दोन ओळी. शिकागोत 2010 मध्ये दहा जणांना तोच कमी उष्मांकांचा आहार देऊन एकदा साडेआठ तास, एकदा साडेपाच तास झोपेची मुभा दिली, प्रत्येकी 14 दिवस. वजन दोन्ही वेळा सारखंच घटलं. पण कमी झोपेत चरबीची घट 55 टक्क्यांनी आकसली आणि तेवढा भार चरबीविरहित ऊतींवर पडला.

आणि त्या ‘बारा आठवड्यांत कायापालट’वाल्या छायाचित्रांचं काय? प्रकाश, फुगवलेली छाती, आणि कित्येकदा औषधं. 1996 च्या एका प्रयोगात दहा आठवडे टेस्टोस्टेरॉनचे मोठे डोस घेऊन काहीही व्यायाम न करणाऱ्या पुरुषांचं चरबीविरहित वजन 3.2 किलोंनी वाढलं. औषधाविना व्यायाम करणाऱ्यांचं 1.9 किलोंनी. कष्टाळूंना हा आकडा झोंबतो. पुढे 2021 मध्ये बिमाग्रुमॅब या प्रतिपिंडाची लठ्ठपणा आणि टाइप 2 मधुमेह असलेल्यांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. हे औषध स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे इशारे अडवतं. 48 आठवड्यांत चरबी 20.5 टक्के घटली, चरबीविरहित वजन 3.6 टक्के वाढलं. मात्र वृद्धांवरच्या दुसऱ्या चाचणीत याच औषधाने चरबीविरहित वजन वाढवूनही हालचालींची क्षमता, औषध न मिळालेल्या गटाच्या तुलनेत, सुधारली नाही.

राहता राहिलं मोजमाप. वजनकाटा इथे जवळजवळ निरुपयोगी, कारण उतरलेली चरबी आणि चढलेला स्नायू तो एकमेकांतून वजा करून दाखवतो. पायाखालून विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडून चरबीची टक्केवारी सांगणारे काटे प्रत्यक्षात पाण्याचा अंदाज घेतात; स्नायूत साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं, त्यामुळे एका भरपेट दिवसाने ‘स्नायू’ वाढलेला दिसू शकतो. त्यापेक्षा कंबरेचा घेर दर दोन-तीन आठवड्यांनी फितीने मोजावा आणि उचललेल्या वजनांची वही ठेवावी. घेर उतरतोय, वहीतले आकडे चढतायत आणि काटा हटून बसलाय, तर दोन्ही कामं चालू असण्याचीच शक्यता जास्त.