हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी : नेमके काय बदलते?

काही वर्षे वापरलेला लॅपटॉप सुरू व्हायला चार-पाच मिनिटे घेऊ लागला, की ‘प्रोसेसर जुना झाला’ असे निदान सर्रास केले जाते. वास्तविक प्रोसेसर वयोमानाने मंदावत नाही. धूळ साचून तो तापत असेल तर गोष्ट वेगळी, एरवी पहिल्या दिवशी सेकंदाला जितक्या क्रिया तो करत होता तितक्याच आजही करतो. वाढलेले असते ते त्याच्यावरचे काम. कार्यप्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) नव्या आवृत्त्या आणि पार्श्वभूमीवर चालणारे प्रोग्राम डिस्कवरून असंख्य लहानसहान फायली मागवतात, आणि त्या येईपर्यंत प्रोसेसर बराच वेळ नुसता थांबून राहतो. हार्ड डिस्क काढून एसएसडी (सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारी ड्राइव्ह) बसवली की तोच लॅपटॉप झटकन सुरू होतो, याचे कारण या थांबण्यात आहे. एसएसडीच्या वेष्टनावर ठळक छापलेल्या वेगाच्या आकड्याशी त्याचा संबंध फार थोडा आहे.

हार्ड डिस्कची मूळ रचना आयबीएमने १९५६ साली रॅमॅक ३०५ या संगणकासोबत बाजारात आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजची अडीच इंची डिस्क तिच्यापेक्षा लाखो पट अधिक माहिती साठवते, पण काम त्याच पद्धतीने करते : चुंबकीय लेप दिलेली तबकडी फिरते आणि दांड्याच्या टोकावरचे हेड तिच्यावरून सरकते. लॅपटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवा असलेला भाग हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, वाट पाहावी लागते. त्याआधी दांडा योग्य वर्तुळावर नेण्यात साधारण ११-१२ मिलिसेकंद गेलेले असतात. एकूण हिशेब सुमारे १७ मिलिसेकंदांचा, म्हणजे विखुरलेल्या मागण्या आल्या तर डिस्क सेकंदाला जेमतेम ६० पुऱ्या करू शकते. प्रत्येक मागणी ४ किलोबाइटची धरली, तर सलग वाचनात सेकंदाला १०० मेगाबाइट देणारी हीच डिस्क २४० किलोबाइटांवर येते. चारशे पटींची ही घसरण पूर्णपणे यांत्रिक हालचालींमुळे होते.

जाता जाता सांगायला हवे, की बंद पडलेली हार्ड डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की जिवंत होते, हा तोडगा आजही श्रद्धेने सांगितला जातो. चालू डिस्कमध्ये हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. गारठलेली डिस्क बाहेर काढल्यावर आतल्या बाष्पाचे थेंब तबकडीवर जमले, तर उरलीसुरली माहितीही खरवडून निघण्याची शक्यता असते.

एसएसडीमध्ये हलणारा भागच नसतो, आणि कोणत्याही जागेवरची माहिती साधारण एकदशांश मिलिसेकंदात मिळते. परंतु चुंबक नाही, तबकडी नाही आणि वीज बंद केल्यावरही माहिती टिकते, तर ती कशाच्या आधारावर? या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रातील एका विलक्षण परिणामापर्यंत नेते, म्हणून तेथे थोडे रेंगाळावेसे वाटते.

एसएसडीच्या चिपमधील प्रत्येक सेल, म्हणजे माहिती साठवण्याची सर्वांत लहान जागा, हा एक ट्रान्झिस्टर (विजेवर चालणारा सूक्ष्म स्विच) असतो. साध्या ट्रान्झिस्टरमध्ये गेटला, म्हणजे वरच्या नियंत्रक टोकाला, ठराविक व्होल्टेज दिले की खालच्या सिलिकॉनमधून वीज वाहू लागते. १९६७ साली बेल प्रयोगशाळेतील डावॉन कांग आणि सायमन स्झे यांनी या गेटच्या खाली आणखी एक गेट कल्पिले, जे कोणत्याही तारेला जोडलेले नाही आणि सर्व बाजूंनी विद्युतरोधक थरांनी वेढलेले आहे. या तरंगत्या गेटवर इलेक्ट्रॉन अडकवले, तर त्यांच्या ऋणभारामुळे वरच्या गेटचा प्रभाव कमी होतो आणि ट्रान्झिस्टर सुरू होण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते. वाचताना मधल्या मूल्याचे व्होल्टेज देऊन पाहायचे : वीज वाहिली तर गेट रिकामे, नाही वाहिली तर भरलेले. अनेक सेल एका माळेत जोडून कमी जागेत पुष्कळ माहिती बसवण्याची, नँड नावाने ओळखली जाणारी रचना तोशिबातील फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडली. अलीकडच्या बहुतेक चिपमध्ये तरंगत्या गेटऐवजी सिलिकॉन नायट्राइडच्या थरात इलेक्ट्रॉन पकडले जातात आणि सेल एकमेकांवर मजल्यांसारखे रचलेले असतात. तत्त्व मात्र बदललेले नाही.

आता खरा पेच असा, की सर्व बाजूंनी बंद असलेल्या गेटवर इलेक्ट्रॉन पोहोचतात कसे? खालचा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर जेमतेम ७ ते १० नॅनोमीटर जाडीचा असला, तरी तो ओलांडण्यासाठी इलेक्ट्रॉनला सुमारे ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, आणि खोलीच्या तापमानाला त्याच्याकडे तिचा शतांश भागही नसतो. अभिजात भौतिकशास्त्राप्रमाणे तो कधीच पलीकडे जाऊ नये. पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) मात्र इलेक्ट्रॉनचे वर्णन तरंगाने केले जाते, आणि हा तरंग अडथळ्याच्या आत एकदम शून्य न होता झपाट्याने क्षीण होत जातो. अडथळा पुरेसा अरुंद असेल तर पलीकडेही त्याचा थोडा अंश उरतो, म्हणजेच इलेक्ट्रॉन पलीकडे सापडण्याची काही संभाव्यता असते. वरच्या गेटला सुमारे २० व्होल्ट दिले, की इतक्या पातळ थरातील विद्युतक्षेत्र सेंटिमीटरला सुमारे एक कोटी व्होल्ट इतके तीव्र होते. त्यामुळे ऊर्जेच्या अडथळ्याचा आयत तिरपा होऊन त्रिकोण बनतो, इलेक्ट्रॉनला पार करावयाची त्याची रुंदी घटते, आणि रुंदीतील लहानशा घटीनेही संभाव्यता घातांकी प्रमाणात वाढत असल्यामुळे इलेक्ट्रॉन आत शिरू लागतात. व्होल्टेज काढले की अडथळा पूर्ववत रुंद होतो आणि आत गेलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे अडकून राहतात. या परिणामाचे गणित राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ साली धातूतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या संदर्भात मांडले होते.

एसएसडीचे बहुतेक गुणदोष या यंत्रणेतूनच येतात. पुसताना व्होल्टेज उलट दिशेने, म्हणजे पायाच्या सिलिकॉनला, द्यावे लागते. तो पाया असंख्य सेलना सामाईक असल्यामुळे एकटा सेल पुसता येत नाही, अख्खा ब्लॉक, म्हणजे सेलचा मोठा गट, एकदम पुसावा लागतो. पाटीवरचे एक अक्षर बदलण्यासाठी सगळी पाटी पुसावी, तशी ही गत आहे. म्हणून एसएसडीतील कंट्रोलर, म्हणजे वाचन-लेखन सांभाळणारी चिप, बदललेली माहिती जुन्या जागी लिहीतच नाही. ती दुसऱ्या रिकाम्या जागी लिहितो, नोंदवहीत नवा पत्ता टाकतो आणि सवडीने जुने ब्लॉक रिकामे करतो. कोणत्या फायली वापरकर्त्याने काढून टाकल्या आहेत, हे त्याला कळवण्यासाठी कार्यप्रणाली ट्रिम ही आज्ञा पाठवते. एसएसडी काठोकाठ भरली की रिकामे ब्लॉक उरत नाहीत आणि लिहिण्याचा वेग घसरतो, म्हणून काही जागा मोकळी ठेवणे शहाणपणाचे असते.

दुसरा परिणाम झिजेचा. तीव्र क्षेत्रातून जाणारे इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या थरातील बंध हळूहळू मोडतात, त्या दोषांत भार अडकतो, आणि कालांतराने भरलेला व रिकामा सेल यांतील फरक ओळखणे अवघड होते. एका सेलमध्ये तीन बिट साठवायचे तर भाराच्या आठ पातळ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात, चार बिटांसाठी सोळा. म्हणून अशा एसएसडी स्वस्त असतात आणि त्यांची लेखनक्षमता कमी असते. तरीही ‘एसएसडी लवकर झिजते’ ही भीती अवास्तव आहे. एकूण ३०० टेराबाइट लेखनाची हमी असलेल्या एसएसडीवर रोज ३० गिगाबाइट लिहिले, तरी ती मर्यादा गाठायला १०,००० दिवस, म्हणजे २७ वर्षे लागतील. लॅपटॉप त्याआधीच निकामी होईल. हार्ड डिस्कप्रमाणे एसएसडीचेही डीफ्रॅगमेंटेशन करण्याचा सल्ला मात्र साफ चुकीचा आहे : विखुरलेले तुकडे एकत्र आणून वाचवायचा दांड्याचा प्रवासच येथे नसतो, वाढते ती केवळ झीज.

खरेदीकडे वळू. साटा जोडणीची एसएसडी सलग वाचनात सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट देते आणि एनव्हीएमई जोडणीची काही हजार. जाहिराती या आकड्यांवरच रंगतात. पण लॅपटॉप सुरू होताना लागणारे वाचन बहुतांशी लहान तुकड्यांचे असते आणि तेथे सेल वाचायला लागणारा वेळ निर्णायक ठरतो, जो दोन्हींत फारसा वेगळा नसतो. त्यामुळे ज्या लॅपटॉपमध्ये केवळ साटाची सोय आहे, त्याच्या मालकाने हळहळण्याचे कारण नाही. कांडीच्या आकाराची एसएसडी बसवण्याची एम.२ खाच असेल तर ती साटासाठी आहे की एनव्हीएमईसाठी, हे तपासूनच खरेदी करावी. बाहेरून दोन्ही कांड्या जवळजवळ सारख्याच दिसतात.

प्रत्यक्ष बदल सोपा आहे. आधी माहितीची स्वतंत्र प्रत घ्यावी. डिस्क कूटबद्ध (एन्क्रिप्ट) केलेली असेल तर ती उघडण्याची ‘रिकव्हरी की’ लिहून ठेवावी. मग यूएसबी जोडणीने एसएसडीवर जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करता येते किंवा कार्यप्रणाली नव्याने टाकता येते. लॅपटॉप बंद करून, बॅटरी वेगळी करून डिस्क बदलावी आणि नंतर ट्रिम चालू असल्याची खात्री करावी.

काढलेली हार्ड डिस्क चालू स्थितीत असेल तर ती टाकून देऊ नये. एसएसडीच्या सेलमध्ये अडकवलेले इलेक्ट्रॉन अतिशय मंद गतीने का होईना गळत असतात आणि उष्णतेत ही गळती वाढते. झिजलेली एसएसडी विजेविना दीर्घकाळ पडून राहिली तर माहिती पुसट होऊ शकते. चुंबकीय तबकडीला हा धोका नसतो, त्यामुळे यूएसबी पेटीत बसवलेली जुनी डिस्क प्रती ठेवण्यासाठी उपयोगी पडते. ती कोणाला द्यायचीच असेल, तर संपूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहावीत. एसएसडीच्या बाबतीत हा उपाय पुरेसा नाही, कारण कंट्रोलर ती शून्ये दुसऱ्याच सेलमध्ये लिहू शकतो. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञाच वापरावी लागते.