भुताचा तपास: भयपट आणि गुप्तहेरकथा यांच्या जोडीची पार्श्वभूमी

भयकथा आणि गुप्तहेरकथा यांचे स्वभाव मुळातच एकमेकांशी न जुळणारे आहेत. बुद्धीच्या आवाक्यात न येणारे काहीतरी या जगात असू शकते, ही शंका भयकथेला शेवटपर्यंत जिवंत ठेवायची असते. उलट प्रत्येक घटनेला कारण असते आणि चिकाटीने शोधले तर ते सापडतेच, या विश्वासावर गुप्तहेरकथा उभी असते. तरीही या दोहोंना एकत्र आणणारे चित्रपट मूकपटांच्या काळापासून आजपर्यंत निघत आले आहेत. भुताचा शेवटी खुलासा होतो का आणि तो कोण करतो, एवढा एक प्रश्न हाती धरला, तरी या चित्रपटांची वाटचाल बरीचशी स्पष्ट होते.

या जोडीची मुळे साहित्यात आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅन रॅडक्लिफ या इंग्रज लेखिकेने जुन्या किल्ल्यांतील आवाज, सावल्या आणि बंद दालने यांनी वाचकाला घाबरवून सोडायचे आणि अखेरीस त्या सर्वांचे साधे, लौकिक कारण सांगायचे, ही पद्धत रूढ केली. पुढे एडगर अ‍ॅलन पो यांच्या १८४१ मधील ज्या कथेपासून आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात मानली जाते, त्या कथेतही बंद खोलीतील हत्येचे वर्णन भयकथेला शोभेल इतके अघोरी आहे. आर्थर कॉनन डॉइल यांची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी १९०१-०२ मध्ये ‘द स्ट्रँड’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि या प्रकाराचा नमुनाच तयार झाला. घराण्याला लागलेला शाप, ओसाड माळरान आणि तोंडातून ज्वाळा निघत असल्यासारखा दिसणारा अक्राळविक्राळ कुत्रा, अशी सारी भयकथेची सामग्री येथे आहे. शेरलॉक होम्सचा सोबती वॉटसन त्या मेलेल्या कुत्र्याच्या जबड्याला हात लावतो, तेव्हा त्याची स्वतःचीच बोटे अंधारात चमकू लागतात. कुत्र्याला फॉस्फरसचा लेप लावलेला असतो. या कादंबरीवर जर्मनीत १९१४ मध्येच मूकपट निघाला, १९३९ मध्ये बॅसिल रॅथबोन पडद्यावर होम्स झाले आणि १९५९ मध्ये हॅमर या ब्रिटिश चित्रसंस्थेने पीटर कुशिंग यांना घेऊन ती प्रथमच रंगीत चित्रपटाच्या रूपात आणली.

अमेरिकेत १९२० च्या दशकात रंगभूमीवर गाजलेली, एकाकी जुन्या वाड्यात घडणारी रहस्यनाट्ये चित्रपटांत आली. १९२७ च्या ‘द कॅट अँड द कॅनरी’मध्ये मृत्युपत्राच्या वाचनासाठी जमलेल्या नातेवाइकांपैकी वारसदार तरुणी झोपलेली असताना भिंतीतून एक हात बाहेर येतो आणि तिच्या गळ्यातील हार ओढून नेतो. त्या हातामागे अर्थातच माणूस असतो आणि त्याला पैसा हवा असतो. त्याच वर्षी टॉड ब्राउनिंग यांनी ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ काढला. त्यात खुन्याला बोलते करण्यासाठी पोलीस अधिकारी स्वतःच रक्तपिपासू पिशाच्चाचे सोंग घेतो आणि लॉन चेनी यांनी या दोन्ही भूमिका केल्या होत्या. तपास करणाराच भूत होतो, ही कल्पना मला या साऱ्या काळातील सर्वांत धीट वाटते. या चित्रपटाची शेवटची ज्ञात प्रत पुढे निर्मितीसंस्थेच्या भांडाराला लागलेल्या आगीत नष्ट झाली, ही चित्रपटाच्या इतिहासातील मोठी हानी आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, १९३१ मध्ये, याच ब्राउनिंग यांनी ‘ड्रॅक्युला’ दिग्दर्शित केला. त्यातील पिशाच्च मात्र खरे होते आणि कोणताही लौकिक खुलासा तेथे दिलेला नव्हता.

हिंदी चित्रपटाने खुलाशाची वाट पुढे बराच काळ धरून ठेवली. कमाल अमरोही यांच्या ‘महल’मध्ये (१९४९) नायकाला झपाटून टाकणारी स्त्री शेवटी वाड्याच्या माळ्याची मुलगी निघते, पण प्रेक्षकांच्या मनात राहिले ते लता मंगेशकर यांचे ‘आयेगा आनेवाला’ हे गाणे. संशयिताचा माग काढणाऱ्या पावलांऐवजी दुरून ऐकू येणाऱ्या गाण्याचा माग काढणारा नायक ही आपल्याकडील खास भर होती. ‘बीस साल बाद’ने (१९६२) बास्करव्हिलच्या शापाची कल्पना अशाच झपाटलेल्या सुरांत मांडली आणि राज खोसला यांच्या ‘वो कौन थी?’ने (१९६४) हीच रीत पुढे नेली.

युरोपात आणि अमेरिकेत मात्र तपास करणाऱ्याचे स्थान डळमळू लागले होते. क्लूझो यांच्या ‘ले दियाबोलिक’मध्ये (१९५५) मेलेला माणूस परतल्याच्या भासाचा उलगडा एक निवृत्त पोलीस अधिकारी करतो खरा, पण तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असते. हिचकॉक यांच्या ‘सायको’त (१९६०) तर सत्याच्या अगदी जवळ पोचलेला खासगी गुप्तहेर जिन्यावरच मारला जातो. इटलीतील ‘जॅलो’ नावाच्या खूनरहस्यपटांनी तपासाचे काम पोलिसांकडून काढून योगायोगाने साक्षीदार झालेल्या सामान्य माणसाकडे दिले. दारिओ आर्जेंतो यांच्या ‘डीप रेड’मध्ये (१९७५) नायक चित्रांनी भरलेल्या बोळातून घाईने जातो आणि नंतर त्याला वाटत राहते की तेथील एक चित्र नाहीसे झाले आहे. ते चित्र नव्हतेच. तो आरसा होता आणि त्यात खुन्याचा चेहरा दिसत होता. तो चेहरा प्रेक्षकांनाही त्या वेळी खरोखरच दाखवलेला असतो, हे या प्रसंगाचे मोठे यश आहे.

१९८७ च्या ‘एंजल हार्ट’मध्ये हरवलेल्या गायकाचा शोध घेणारा गुप्तहेर अखेर स्वतःपाशीच येऊन पोचतो, आणि त्याला कामावर नेमणारा साक्षात सैतान असतो. जपानमध्ये कियोशी कुरोसावा यांच्या ‘क्युअर’मध्ये (१९९७) प्रत्येक खुनी पकडला जातो, गुन्हा कबूलही करतो, पण तो आपण का केला हे त्याला सांगता येत नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या हिदेओ नाकाता यांच्या ‘रिंगू’ने हा बदल पूर्णत्वास नेला. त्यातील पत्रकार नायिका शापित व्हिडिओ टेपचे एकेक दृश्य थांबवून पाहते, त्यातील बोलीवरून ती एका बेटाचा माग काढते आणि विहिरीतून मृत मुलीचे अवशेष वर आणते. पुरावे खरे आहेत, निष्कर्ष बरोबर आहेत, आणि तरीही शाप सुटत नाही, कारण त्या मृत मुलीला, सादाकोला, न्याय नको असतो. टेपची नक्कल काढून ती दुसऱ्याला दाखवणे हीच सुटका असते. तपास यशस्वी होऊनही निरुपयोगी ठरतो, ही गोष्ट मला भिंतीतून येणाऱ्या हातापेक्षा कितीतरी भयंकर वाटते.

याच दशकात मल्याळम चित्रपटाने तिसरेच उत्तर दिले. फाझिल यांच्या ‘मणिचित्रताळ’मध्ये (१९९३) भूतही नाही आणि कारस्थान करणारा गुन्हेगारही नाही, गुप्तहेराच्या जागी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि त्याला शोध घ्यायचा आहे तो एका स्त्रीच्या दुभंगलेल्या मनाचा. ‘भूल भुलैया’सह (२००७) या कथेचे अनेक भाषांत पुनर्निर्माण झाले.

जुनी वाटही बंद झालेली नाही. केनेथ ब्राना यांच्या ‘अ हाँटिंग इन व्हेनिस’मध्ये (२०२३) अगाथा ख्रिस्ती यांच्या गुप्तहेर पायरोला दिसणाऱ्या भासांचे कारण विषारी मधात सापडते, आणि रॅडक्लिफ यांच्या काळापासून चालत आलेला खुलासा येथेही मिळतो, परंतु शेवटच्या भागातील एका दृश्याला तो मध पुरेसा आहे की नाही, हे दिग्दर्शकाने जाणूनबुजून सांगितलेले नाही.