परवडणारी ऊर्जा (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या पट्ट्यातल्या गरीब घरांत वीज, सोलर आणि स्वयंपाकाचा गॅस पोचवायची जी काय खटपट चालते ती सगळी परवडणाऱ्या ऊर्जेत आली. घरात मीटर बसला म्हणजे काम झालं असं सरकारी कागद धरून चालतो, पण खरा प्रश्न मीटरनंतर सुरू होतो.

जिल्ह्याला वीज काही नवी नाही, गोकाकच्या धबधब्यावर 1887 सालीच वीज काढली असं सांगतात. सध्या पुरवठा हेस्कॉमचा, म्हणजे हुबळीच्या सरकारी कंपनीचा. आधी भाग्यज्योती, कुटीरज्योती ह्या सरकारी योजनांत गरिबाला एका बल्बपुरतं कनेक्शन मिळायचं. ऑगस्ट 2023 पासून कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना आली, 200 युनिटपर्यंत फुकट, पण सरसकट 200 नाहीत बरं का, आधीच्या वर्षाची महिन्याची सरासरी अधिक 10 टक्के एवढीच माफी, त्यावरचं भरायचं आणि 200 ओलांडले की अख्खं बिल अंगावर. म्हणजे एक बल्ब एक फॅनवाल्याची सरासरी 30 असली तर त्याला 33 आणि फ्रीज-गिझरवाल्याला दीडशेच्या वर, हा हिशेब उलटाच म्हणायचा. नंतर 48 युनिटांच्या आत सरासरी असलेल्यांना टक्क्यांऐवजी सरळ 10 युनिट वाढवून दिले.

खानापूरच्या जंगलातली गोष्ट वेगळी. 2011 मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं, तिथं तार ओढायची तर वनखात्याची परवानगी लागते, म्हणून आतल्या वाड्यांना सोलरचाच आधार. पण आमगावसारख्या ठिकाणी 2010 साली 10,000 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता, असल्या ढगांत पॅनल चार्ज होणार कसा, ज्या महिन्यांत लाईट जास्त लागते नेमकी तेव्हाच बॅटरी उतरते. बॅटरीत पाणी कधी घालायचं, खराब झाली तर कोण बघणार, हे ठरलेलं नसलं की पॅनल छपरावर नुसता शोभेला राहतो. सेल्को ह्या बंगळुरूच्या कंपनीने (1995, हरीश हांडे, ज्यांना 2011 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला) कर्नाटकात हेच ओळखलं, बँकेचं कर्ज, कमाईच्या हंगामाला जुळणारा हप्ता, आणि नंतरची सर्व्हिसिंग.

गॅसचं म्हणाल तर 2016 च्या उज्ज्वलाने सिलिंडर घरात आणला, पण रिफिलचे पैसे एकदम काढायचे म्हणजे रोजगाराला जाणाऱ्या बाईला जड जातं, त्यामुळे गॅसवर चहा आणि पाहुणे आले तर भाजी, भाकरी चुलीवरच. आणि सगळ्यात जास्त जळण खाते ती न्हाणीतली चूल, जिच्यावर अंघोळीचा हंडा तापतो. पावसाळ्याआधी बायका परड्यात शेणी नि लाकडं रचून वर ताडपत्री टाकतात ती बरीचशी तिच्यासाठीच, पण योजनांमध्ये तिचं नावसुद्धा सापडत नाही.