छोट्या कपाटातला संप: पंप थांबला की पाणी जातं कुठे?

फिशटँकच्या स्टँडमधल्या कपाटात घरच्या घरी संप बनवायचा म्हटलं की सगळे आधी विचारतात मीडिया (म्हणजे बॅक्टेरिया वाढतात ते फिल्टरमधलं साहित्य) कुठला टाकू, पंप केवढा घेऊ. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा, लाईट गेली तर वरचं किती पाणी खाली येणार? जागा कमी असली की सगळं डिझाईन या एका आकड्यावर अडतं.

संप म्हणजे मेन टाकीखाली ठेवलेली दुसरी टाकी, बस. वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या काठावरून सांडतं, पाईपातून खाली येतं, स्पंज आणि मीडियातून गाळलं जातं आणि शेवटच्या कप्प्यातला रिटर्न पंप ते परत वर पाठवतो. यात जाणारं आणि येणारं पाणी जुळवत बसावं लागत नाही, कारण पंपाने जास्त पाणी टाकलं की काठावरचा थर थोडा जाड होतो आणि तेवढंच जास्त सांडतं. फक्त खाली येणारा पाईप भरपूर मोठा घ्या, आणि तोंडाला जाळी लावा, नाहीतर एखादी गोगलगाय आत जाऊन बसते आणि मग पाणी फरशीवर.

आता लाईट घालवून बघू. पंप थांबतो पण वरचं पाणी काठाच्या पातळीला येईपर्यंत सांडतच राहतं. समजा टाकी ६० बाय ३० सेंमी आहे आणि पाणी २ सेंमी उतरलं, तर ३.६ लिटर झाले. खालचा संप ४५ बाय २५ चा असेल तर त्यात पाणी साधारण ३.२ सेंमी चढेल, काही बिघडत नाही. पण रिटर्न पाईपचं तोंड पाण्याखाली ८ सेंमी असेल तर तोच पाईप उलटा सायफन बनतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत टाकी रिकामी करत राहतो, म्हणजे १४.४ लिटर, संपात जवळजवळ १३ सेंमी! ३० सेंमी उंचीच्या संपात चालू असताना पाणी २० सेंमीवर असेल तर उरलेलं कुठे जाणार ते सांगायला नको. म्हणून रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या जरासंच खाली ठेवा, किंवा पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाईपला एक भोक पाडा म्हणजे पाणी उतरलं की तिथून हवा शिरून सायफन तुटतो. भोक शेवाळाने बुजतं, तेव्हा साफ करत राहायचं. नॉन रिटर्न व्हॉल्ववर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) मात्र भिस्त नको, त्यात कचरा अडकला की तो नीट बंदच होत नाही. सगळं जोडून झालं की मुद्दाम प्लग काढून बघा आणि पाणी जिथवर चढलं ते बघून मगच चालू पातळीची रेघ मार्करने मारा.

बाष्पीभवनाची गंमत वेगळी. वरची पातळी ओव्हरफ्लो ठरवतो, मधल्या कप्प्यांची पातळी काचेच्या पट्ट्या म्हणजे बॅफल ठरवतात, त्यामुळे उडालेल्या पाण्याचा सगळा खड्डा एकट्या पंपाच्या कप्प्यात पडतो. तो कप्पा १० बाय २५ चा असेल तर १ लिटर उडालं की ४ सेंमी उतरतं, आणि थोड्याच दिवसात पंप हवा ओढायला लागतो. लोक मीडियाला जागा मिळावी म्हणून नेमका हाच कप्पा कापतात, मला ते पटत नाही.

पंपाच्या कप्प्याच्या आधी बुडबुडे अडवायला तीन बॅफल लावतात, पहिली आणि तिसरी तळाला चिकटलेली, मधली तळापासून उचललेली. पाणी पहिलीवरून जातं, मधलीच्या खालून जातं, परत तिसरीवरून. खाली जाणाऱ्या पाण्याचा वेग बुडबुड्याच्या वर येण्याच्या वेगापेक्षा कमी असला की बुडबुडा वर निघून जातो. तासाला ६०० लिटरचा प्रवाह दोन बॅफलमधल्या २५ बाय ३ सेंमीच्या फटीतून सेकंदाला साधारण २.२ सेंमीने जातो, फट १ सेंमी केली की ६.७ ने, आणि मग बारीक बुडबुडे सरळ खेचले जाऊन वरच्या टाकीत धुकं दिसतं.

बॅफलची काच आतल्या रुंदीपेक्षा २-३ मिमी कमी कापून घ्या, सिलिकॉनला जागा लागते. बुरशी न येणारं म्हणून बाथरूमसाठी मिळतं ते सिलिकॉन नको, त्यातली औषधं माशांना बाधतात. ॲक्रिलिकला सिलिकॉन नीट धरतच नाही, म्हणून बॅफल काचेचेच बरे.

मीडियाचं खरं काम बॅक्टेरिया करतात. माशांच्या घाणीतून अमोनिया निघतो, त्याचं नायट्राइट होतं आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट. ही दोन कामं वेगवेगळे बॅक्टेरिया वाटून घेतात असं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्रॅडस्कीच्या काळापासून म्हणजे १८९० च्या सुमारापासून मानत होते, पण २०१५ मध्ये नायट्रोस्पायरा गटातले असे बॅक्टेरिया सापडले की जे दोन्ही एकट्याने करतात, आणि त्यातला एक नमुना चक्क मत्स्यपालनाच्या फिल्टरमधला होता. हे सगळे बॅक्टेरिया वाढायला काही आठवडे लागतात आणि ऑक्सिजन लागतो, म्हणून मीडिया नेहमी वाहत्या पाण्यात हवा.

राहिलं कपाट. आतली रुंदी मोजून संप बनवला आणि दारातूनच आत गेला नाही हे फार कॉमन आहे, तेव्हा दाराची चौकट मोजा, आणि वर हात घालून स्पंज उचलता येईल एवढी उंची सोडा. आत दमट हवा कोंडते, प्लायवूड फुगतं, मागची बाजू थोडी उघडी ठेवा. आणि वायर प्लगच्या खाली एक झोळ देऊन मगच वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाच्या टोकावरून खाली पडेल.